माळ्यावरचे रोल

जालना,
मे अखेर

चि. भाचेबुवा,


आजोबांच्या स्टुडिओच्या माळ्यावरून तू पुण्याला नेलेल्या खोक्याचे फोटो मिळाले. ‘इंदू’चे 120 चे रोल, थोडे कोडॅकचे रंगीत, काही स्लाइडचे. मुदतीच्या तारखा सगळ्या गेल्या शतकातल्या, आणि तुझा प्रश्न एकच: चालतील का? तारखेवरून मी काही सांगणार नाही. इतके उन्हाळे ते पत्र्याखाली होते, ते आधी बघ. इथे मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, मग माळ्यावरचं काय विचारतोस!

डब्यावरची मुदत कंपनी छापते ती रोल गार, कोरड्या जागी राहील असं धरून. जालन्याच्या पोराला हे समजवावं लागू नये. बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच उभी केली, 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार घेतला. बियाण्याच्या पिशवीवरही मुदत असते, पण जाणकार आधी गोदामातली ओल नि गारवा विचारतो. हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाचा ठोकताळा आहे: बियाण्यातली ओल एक टक्क्याने उतरली, किंवा तापमान पाच अंशांनी, की आयुष्य साधारण दुप्पट. हे आकडे फिल्मला लागू नाहीत, पण न्याय तोच.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे कण असतात. उजेड लागला की कणात सूक्ष्म बदल होतो आणि डेव्हलपरमध्ये तो काळा पडतो. उष्णता हेच काम उजेडावाचून, हळूहळू करत राहते. म्हणून जुनी निगेटिव्ह कोऱ्या जागीसुद्धा करडी निघते. त्याला आम्ही फॉग म्हणतो. त्यात फिल्मचा वेगही, म्हणजे उजेड टिपायची क्षमताही, उतरतो. रंगीत रोलचे थर सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत, म्हणून चेहरे कधी जांभळट, कधी हिरवट येतात. 800 सारखे वेगवान रोल सर्वांत आधी बिघडतात. आकाशातून आणि जमिनीतून येणारे किरण त्यांना फ्रिजमध्येही सोडत नाहीत.

‘इंदू’ची गंमत बघ. ते रोल बनवणाऱ्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना उटीच्या थंड हवेत होता. 1960 ला कंपनी निघाली, 1967 ला उत्पादन सुरू झालं. तिथल्या गारव्यात जन्मलेला माल आपल्या पत्र्याखाली येऊन पडला.

आता वापरायचं म्हणतोस तर मंद गतीचे कृष्णधवल रोल आधी घे, तेच सर्वांत चिवट. मुदत उलटल्यावर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा असं सांगतात. रंगीत निगेटिव्हला ते बऱ्यापैकी जमतं. माळ्यावरच्या मालाला मात्र हा हिशेब तोकडा पडतो, आणि फॉग फार झाला की कितीही उजेड ओत, उपयोग नाही. एक रोल चाचणीत घालव: एकच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरने घे आणि काय उरतं ते पाहा. आजोबांचा क्लिक थ्री कॅमेरा त्यासाठी वापरू नकोस. त्याचं शटर एकाच वेगाचं, जास्त उजेड देणार कसा? स्लाइडला हा नियम लावू नकोस, जास्त उजेडाने ती पार फिकी पडते. आणि त्यात कोडाक्रोम असेल तर रंगांची आशा सोड. ते धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्सची, तिने 2010 च्या अखेरीस ते रोल घेणं थांबवलं. कृष्णधवल म्हणून धुता येईल, बस.

कुणाचं लग्न मात्र यावर काढू नकोस. हल्ली बिघडलेल्या रंगांसाठीच लोक जुना रोल नव्यापेक्षा महाग घेतात म्हणे. मला ते पटत नाही. बिघाड आपसूक आला तर कौतुक करू, विकत कशाला घ्यायचा?

उरलेले कोरे रोल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह फ्रिजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबा उघडू नकोस, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. 120 च्या रोलला ओल लागली की पाठीमागच्या कागदावरचे आकडे चित्रात उमटतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. फोटोत उजवीकडे काही रोलांभोवती ‘एक्स्पोज्ड’ची पट्टी दिसते. ते काढलेले आहेत, धुतलेले नाहीत. त्यांना फ्रिज नको, डेव्हलपर हवा. उमटलेली अदृश्य प्रतिमाही उन्हात विरत जाते. 1897 मध्ये आंद्रे नावाचा शोधक बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला, त्याचा सोबती स्ट्रिंडबर्ग फोटो काढत होता. रोल 33 वर्षांनी एका बर्फाळ बेटावर सापडले, तरी स्टॉकहोममध्ये 93 फोटो निघाले. तिथे बर्फ होता, आपल्याकडे पत्रा. 93 ची आशा धरू नकोस. तरी लॅबमध्ये देऊ नकोस, गिऱ्हाइकांचे चेहरे असतील त्यात. आत्ताही धुऊ नये: नळाचं पाणी इतकं तापलंय की वीस अंशांवर डेव्हलपर टिकत नाही, आणि गरम पाण्यात जुनं जिलेटिन सुटतं. कोऱ्यांचं काय ते तू कर, पण हे रोल डिसेंबरापर्यंत गार खोलीत ठेव आणि मग इथे घेऊन ये, आपणच धुऊ. येताना थर्मामीटर आण, इथला फुटलाय. आणि आईला विचार, आजोबांची गिऱ्हाइकांची वही तिच्याकडेच आहे ना?

तुझा,
मामा