दादीची कॅसेट

घरी पाहुणे आले की कपाटावरच्या जुन्या टू-इन-वनकडे बोट दाखवून हमखास विचारतात, ‘‘हे अजून चालतं?’’ आम्ही हो म्हणतो. मग दुसरा प्रश्न येतो, ‘‘पण चालवता कशाला? सगळं तर मोबाइलवर मिळतं!’’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहोत. आम्ही म्हणजे दोन भाऊ आणि एक बहीण. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात आमचं घर आहे.

आमचे अब्बा कुवेतला नोकरीला होते. १९८३ साली सुट्टीवर येताना त्यांनी हा जपानी टू-इन-वन आणला. वर रेडिओ, खाली कॅसेट, आणि आवाज भरण्यासाठी आतच बसवलेला माइक. त्या काळी आमच्या वाडीत ज्या घरातला माणूस आखातात, त्या घरात असं एक यंत्र असायचंच. त्यावर युसूफ आझाद, शंकर-शंभू यांच्या कव्वाल्या वाजत, रमजानमध्ये नात वाजत, आणि खुशालीची पत्रंही वाजत. पत्र लिहायला-वाचायला अडचण असली की घरची मंडळी यंत्राभोवती बसून कॅसेट भरत आणि जाणाऱ्या माणसाच्या हाती ती पाठवून देत. तिकडून उत्तराची कॅसेट येई.

१९८५ साली फुफीचं लग्न झालं. हळदीच्या रात्री दादी माजघरात बायकांमध्ये बसून आमच्या कोकणी बोलीतली लग्नगीतं म्हणत होत्या. अब्बांनी टू-इन-वन हळूच एका पेटीवर ठेवला आणि बटण दाबलं. साठ मिनिटांची कॅसेट होती. एक बाजू पूर्ण भरली, म्हणजे अर्धा तास. दादींचा आवाज, मागून साथ देणाऱ्या बायका, मध्येच रडणारं एक मूल, आणि दादी टाळी द्यायच्या तेव्हा वाजणाऱ्या त्यांच्या काचेच्या बांगड्या. १९९१ साली दादींचा इंतकाल झाला. त्यांचा आवाज या एका कॅसेटखेरीज दुसरीकडे कुठेही नाही.

अब्बा होते तोवर यंत्राची देखभाल तेच करायचे. महिन्यातून एकदा कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचे आणि पावसाळ्यात यंत्र चादरीत गुंडाळून ठेवायचे. २०१४ साली अब्बा गेले. त्यानंतर यंत्र तसंच पडून राहिलं. २०१९ च्या रमजानमध्ये एका संध्याकाळी अम्मी म्हणाल्या, ‘‘आज दादींची कॅसेट लावा रे.’’ आम्ही बटण दाबलं. आत मोटर फिरल्याचा आवाज आला, पण कॅसेट जागची हलली नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत, उठून इफ्तारच्या तयारीला लागल्या. त्या गप्प राहण्याने आम्हाला जास्त लागलं.

आम्ही कंपनीच्या मुंबईतल्या केंद्राला फोन केला. उत्तर सभ्य होतं, पण सरळ होतं: हे मॉडेल कधीच बंद झालं, सुटे भाग नाहीत, दुरुस्ती होणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं? १९६३ साली फिलिप्सने ही कॅसेट जगापुढे आणली, १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, आणि २०१० मध्ये त्याच सोनीने जपानमध्ये कॅसेटच्या वॉकमनची विक्री थांबवली. कंपन्यांचा व्यवहार तिथे संपला. आमचा व्यवहार मात्र त्या अर्ध्या तासाशी होता आणि तो संपलेला नव्हता.

अब्बांच्या पेटीत यंत्राची कागदपत्रं जपून ठेवलेली सापडली. त्यात सर्किटची आकृती छापलेला एक घडीचा कागदही होता. गॅरंटी कार्डाची मुदत केव्हाच संपली होती, पण खरा उपयोग या कागदाचा झाला. वायर काढून आम्ही यंत्र उघडलं. मोटरपासून जड चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता आणि हाताला लागला तर सुटत नव्हता. जुन्या यंत्रांत हे नेहमी होतं. तो चिकटा स्पिरिटने पुसून काढण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या.

घाईघाईत आम्ही आधी साधा रबरबँड लावून पाहिला. फिती फिरल्या, पण गाणं लाटेवरच्या होडीसारखं वर-खाली होऊ लागलं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या एकाच वेगाने सरकावी लागते. पट्ट्याची जाडी जरा कमी-जास्त असली तरी कानाला कळतं. मग चाकांभोवती दोरा फिरवून माप घेतलं, त्याहून थोडा आखूड पट्टा ठरवला आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत शोधला. तिसऱ्या दुकानात मिळाला. फितीला दाबून धरणारं छोटं रबरी चाक गुळगुळीत झालं होतं. ते साबणाच्या पाण्याने धुऊन बारीक पॉलिश पेपरने हलकं घासलं. चोर बाजारात याच मॉडेलचा फुटक्या पेटीचा एक सेट भंगाराच्या भावात मिळाला, तोही सुट्या भागांसाठी घेऊन ठेवला.

यंत्र चालू झालं, पण खरखर फार होती. ते काम आमच्या हातचं नव्हतं, म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका वयस्क कारागिरांकडे दिलं. त्यांनी सुकलेले कपॅसिटर बदलले, बटणांचे संपर्क साफ केले आणि चार दिवसांनी यंत्र परत देताना अम्मींना म्हणाले, ‘‘भाभी, हेड वाकडं बसलं होतं. पहिल्यापासूनच असावं. सरळ करून दिलंय.’’

घरी आल्यावर आम्ही आधी कव्वालीची कॅसेट लावली. सुभानल्लाह! इतक्या वर्षांत हार्मोनियम एवढी स्वच्छ ऐकली नव्हती. आमच्याकडे विकतच्या कॅसेटी नेहमी जरा बसक्या आवाजात वाजायच्या, आम्हाला वाटायचं स्वस्तातला माल आहे. मग दादींची कॅसेट लावली. दादी जणू पांघरुणाआडून गात होत्या. शब्द अर्धे कळत नव्हते आणि बांगड्या तर ऐकूच येत नव्हत्या. अम्मींनी विचारलं, ‘‘कॅसेट खराब झाली का?’’

कॅसेट खराब झाली नव्हती. काय झालं ते समजायला आम्हाला आठवडा लागला. हेडच्या तोंडावर केसाहून बारीक एक फट असते. ती फितीशी अगदी काटकोनात असावी, असा नियम आहे. आमच्या यंत्रातली फट पहिल्यापासून किंचित तिरकी होती. म्हणून नियमाने भरलेल्या विकतच्या कॅसेटी तिच्यावर बसक्या वाजायच्या. पण दादींचा आवाज याच तिरक्या फटीने भरला होता आणि याच तिरक्या फटीतून तो नीट उमटायचा. फट सरळ झाली आणि दादींच्या आवाजातलं बारीक ते सगळं हरवलं. अशा वेळी आधी उंच स्वर जातात. ‘स’, ‘श’ जातात आणि बांगड्या जातात. कारागिरांनी आपलं काम अगदी बरोबर केलं होतं. यंत्रात कोणता आवाज आहे, हे आम्हीच त्यांना सांगितलं नव्हतं.

हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हा कोन बदलतो. तो पूर्वी कुठे होता याची खूण कोणी केली नव्हती. शेवटी एका रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही तिघे बसलो. एकाच्या हाती बारीक पेचकस, एकाचं बोट बटणावर, आणि बहीण डोळे मिटून ऐकत होती. स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याला कळेल न कळेल इतका फिरवायचा आणि थांबायचं. एका बाजूला नेला तर आवाज आणखी बुडाला. दुसऱ्या बाजूला हळूहळू वर येऊ लागला. गाण्याचे शब्द उमटले. मग एकदम बहीण म्हणाली, ‘‘थांबा! बांगड्या!’’

आतल्या खोलीतून अम्मी बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आम्ही पुढे पेचकस लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मुंब्र्याला फुफीला फोनवरून ऐकवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अम्मीच आहे, पण ती इतकी घाईत गात नव्हती.’’ नव्या पट्ट्यामुळे वेग किंचित वाढला होता. मोटरच्या मागच्या भोकात वेग जुळवायची जागा असते. तिथे जरा कमी केलं आणि फुफी ‘‘हां, आता बरोबर’’ म्हणाल्या तेव्हा थांबलो. चौतीस वर्षांपूर्वीच्या वेगाचं माप दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

त्याच दिवशी हेडफोनच्या भोकातून वायर काढून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. एक प्रत फुफीला, एक आमच्या घरी, एक कुवेतमधल्या भावंडांना. आता धाकट्या भावाचं म्हणणं असं, की प्रत झाली, यंत्राचं काम संपलं. बहीण म्हणते, प्रत घेताना काही राहून गेलं असं उद्या लक्षात आलं तर? ती कॅसेट नीट बोलते ती फक्त याच यंत्रात. हा वाद अजून मिटलेला नाही. तोवर महिन्यातून एकदा यंत्र चालू होतं, अब्बांसारखाच कापसाचा बोळा फिरतो. यंत्र बंद पडून राहिलं तर लवकर बिघडतं, एवढं आम्हाला पटलं आहे.

आमची हकीकत वाडीत कळल्यावर लोक आपल्या कॅसेटी घेऊन येऊ लागले. त्यांच्यासाठी आम्ही चोर बाजारातला तो फुटका सेट दुरुस्त केला. त्याचा स्क्रू प्रत्येक कॅसेटप्रमाणे फिरवतो, दादींच्या यंत्राला हात लावत नाही. शेजारच्या एका खाला त्यांच्या मरहूम शोहरांनी सौदीहून पाठवलेली कॅसेट घेऊन आल्या. पहिला शब्द स्पष्ट होईपर्यंतच आम्ही ऐकलं. मग त्यांच्या कानाला हेडफोन लावून दिला आणि आम्ही ओटीवर येऊन बसलो. ते पत्र त्यांचं होतं. प्रत त्यांनाच दिली, आमच्याकडे ठेवली नाही. दुसऱ्याचा आवाज ही अमानत आहे.

वाचक बंधू-भगिनींच्या घरीही अशी एखादी कॅसेट पेटीच्या तळाशी असेल. ती लगेच यंत्रात घालू नका. आधी तिच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून दुसरं बटण दाबलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. खिडकीतला स्पंजचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या जुन्या कॅसेटमधला काढून बसवता येतो. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडू नका, तिचा गोंद पसरतो. आणि कारागिराकडे जाताना कॅसेट कोणत्या यंत्रावर, कोणी, केव्हा भरली ते विचारून जा. ज्यांना हे आठवतं ती माणसं आज घरात आहेत, तोवर विचारा.

आमच्या यंत्राच्या त्या स्क्रूवर बहिणीने आपल्या मेंदीच्या डब्यातल्या लाल नेलपॉलिशचा थेंब लावला आहे, म्हणजे तो हलला तर कळेल. आत एक कागदही चिकटवला आहे. त्यावर लिहिलं आहे: ‘हेड वाकडं आहे. सरळ करू नये. यात दादी आहेत.’