टाकव्याहून वडगावला

मुलांनो, आमच्या टाकवे बुद्रुकहून वडगाव मावळ फार लांब नाही. इंद्रायणीवरचा पूल ओलांडून कान्ह्याला यायचं आणि पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची. पुढचंच स्टेशन वडगाव. यंदाची सहल आम्ही तिथेच नेली. महादजी शिंद्यांच्या स्मारकापाशी एकाने विचारलं, "गुरुजी, एवढे मोठे सेनापती, मग यांना हुकूम कोण सोडायचं?"

प्रश्न बिनतोड होता बरं का!

१७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालली होती. राघोबादादांना पुण्यात कारभारावर बसवायचं, हा त्यांचा बेत. पेशवे सवाई माधवराव तेव्हा अवघे चार वर्षांचे! राज्य चालवत होते नाना फडणीस. फडणीस म्हणजे सरकारचा हिशेब ठेवणारा. हातात तलवार नाही, लेखणी. नाना आणि महादजी दोघेही १७६१ च्या पानिपतातून जीव वाचवून आलेले. महादजींचा पाय तिथे कायमचा अधू झाला, तरी ते लढत राहिले. नानांनी दप्तर सांभाळलं.

इंग्रजांकडे तर वेगळीच तऱ्हा. मुंबईच्या कौन्सिलाने सेनापतीच्या डोक्यावर तिघांची कमिटी बसवली. कारनॅक, मॉस्टिन आणि स्वतः सेनापती एगर्टन. मॉस्टिन आजारी पडून वारला, एगर्टनचीही तब्येत ढासळली. फौज चार हजारांच्या आत, पण सामानाला बैल १९ हजार! मग वेग कसला येतो? कार्ल्याला त्यांचा शूर कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला कौतुकाने 'इष्टुर फाकडा' म्हटलं. शत्रूचं कौतुक करायला मोठं मन लागतं! त्याचं थडगं वडगावातच आहे, तेही पाहिलं.

तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून मोकळं केलेलं. ना दाणा, ना वैरण. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रज गुपचूप मागे फिरले आणि वडगावला घेरले गेले. तिथेच त्यांना तह करावा लागला. पुढे त्यांच्या वरिष्ठांनी तो मानला नाही, ही गोष्ट निराळी.

इकडे नानांनी पुण्यातून पैसा आणि माणसं जुळवली, मैदानात महादजी लढले. पण जोडी सदा गोडीची नव्हती. १७ मे १७८२ ला महादजींनी सालबाईचा तह केला, तर त्याला मंजुरी द्यायला नानांनी कित्येक महिने लावले!

दूर चीनमध्ये यापेक्षा वाईट घडलं होतं. बाराव्या शतकात सोंग राजांचा यूए फेई हा सेनापती उत्तरेत जिंकत चालला होता. दरबाराला तह हवा होता. त्याला माघारी बोलावलं, आणि ११४२ मध्ये तुरुंगात मारलं. त्यामागे प्रधान छिन ह्वै होता.

आपल्याकडे भांडण झालं ते वहीवर. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. उत्तरेच्या मोहिमांचा खर्च कोणी द्यायचा, यावर दोघांची बरीच ओढाताण झाली. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी वानवडीला वारले. तिथली शिंद्यांची छत्री आम्ही पुढच्या वर्षी पाहणार आहोत.

परतताना लोकलमध्ये तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी फडणीस होणार."

शेजारचा लगेच म्हणाला, "हो, पण माझ्या घोड्यांचे पैसे वेळेवर दे!"