पकड आणि सुटका

बायोसेन्सरच्या पडद्यावर एक रेघ अँटिबॉडी चिकटते तशी वर चढते, क्षणभर टिकते आणि ती सुटते तशी उतरू लागते. अँटिबॉडी निवडणाऱ्या जाणत्या माणसाची नजर आधी उताराकडे जाते. हायब्रिडोमा पेशींच्या कच्च्या द्रवात अँटिबॉडी किती आहे, हे सुरुवातीला ठाऊक नसतं. चढण त्या प्रमाणावर अवलंबून असते. सुटण्याचा वेग मात्र नसतो. म्हणून पहिली चाळणी उतारावरच लागते.

अशी रेघ पाहण्याची सोय उप्सालाच्या ‘बियाकोर’ यंत्राने १९९० मध्ये बाजारात आणली. त्याच्या चिपमध्ये काचेवर सोन्याचा जेमतेम ५० नॅनोमीटरचा थर असतो. त्यावर रेणू येऊन बसले, की परावर्तित प्रकाश ज्या कोनात मंदावतो तो कोन सरकतो. रेणूला रंग लावावा लागत नाही, आणि एलायझा चाचणीच्या धुण्यात वाहून जाणारी दुबळी पकडही इथे दिसते.

दिसतं ते सगळं खरं मानायचं नसतं. अँटिबॉडीला दोन हात असतात. चिपवर अँटिजेन, म्हणजे ती जे पकडते ते, दाट बसवलं, तर दोन्ही हातांनी फांदी धरलेल्या पोरासारखी ती लटकून राहते आणि पकड आहे त्याहून घट्ट भासते. त्यामुळे पुढच्या फेरीत मांडणी उलटतात: अँटिबॉडी चिपवर, अँटिजेन प्रवाहात.

तरीही घट्ट पकड म्हणजे औषध नव्हे. तान्ह्या बाळांची फुफ्फुसं ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूविरुद्ध पालिव्हिझुमॅब या अँटिबॉडीला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. मेडइम्यून कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिचा पकडण्याचा वेग वाढवला, तेव्हा विषाणू रोखण्याची ताकदही वाढली. पण काही बदलांमुळे ती निरोगी ऊतींनाही चिकटू लागली. ते बदल मागे घेऊन मोटाव्हिझुमॅब घडवली. तिची पकड पालिव्हिझुमॅबच्या सुमारे ७० पट होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने तिच्याविरुद्ध कौल दिला. त्वचेवरच्या ॲलर्जीची चिंता होती.

त्याच विषाणूविरुद्ध पुढे आलेल्या निर्सेव्हिमॅबमध्ये दुसऱ्या टोकाचाही विचार झाला. अँटिबॉडीचा बुंधा पेशीच्या आत, पीएच ६ च्या आसपास, एफसीआरएन या ग्राहीला धरून नाशापासून वाचतो, आणि रक्ताच्या ७.४ पीएचला त्याला सोडतो. तीन अमिनो आम्लं बदलून पहिली पकड वाढवली, सुटका शाबूत ठेवली. म्हणून अशा अँटिबॉडीची रेघ दोन्ही पीएचला काढून पाहावी लागते. रक्तात परतताना ती सुटलीच नाही, तर सगळा खटाटोप वाया जातो. पालिव्हिझुमॅबचं इंजेक्शन दर महिन्याला द्यावं लागे. निर्सेव्हिमॅबचा एक डोस सुमारे पाच महिन्यांचा हंगाम निभावतो.