चाकांच्या खुर्चीतून जपान

कोबे बंदरात मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी कितानो भागात १९८५ साली संगमरवरी जिनालय उभारले. जपानला जाणाऱ्या अनेक जैन कुटुंबांचे पाय म्हणूनच कोबेकडे वळतात. सोबत चाकांच्या खुर्चीतील आजी किंवा आजोबा असतील, तर निघण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो : तेथील प्राचीन वास्तूंपैकी त्यांना काय पाहता येईल?

रेल्वेप्रवासाची फारशी चिंता नसते. स्थानकावर सांगितले की कर्मचारी घडीची फळी आणून फलाट आणि डबा यांतील फट सांधतो. उतरण्याच्या स्थानकाला आधीच कळवलेले असते. तेथेही कोणी फळी घेऊन उभा असतो. नारा येथील तोदाइजी मंदिरात उताराच्या वाटेने खुर्ची आत नेता येते आणि इ. स. ७५२ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या, सुमारे १५ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचे दर्शन घडते.

किल्ल्यांची गोष्ट वेगळी. ओसाकाच्या किल्ल्याचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला असल्याने तेथे लिफ्ट आहे. हिमेजीचा १६०९ सालचा मनोरा मात्र मूळ लाकडी आहे. त्यातील जिने अरुंद व उभे चढाचे. खुर्चीतील प्रवाशाला त्याचे शुभ्र सौंदर्य खालूनच न्याहाळावे लागते.

नागोया येथे हाच पेच वादाचा विषय झाला. १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालेला तेथील मनोरा १९५९ मध्ये काँक्रीटचा झाला आणि त्यात लिफ्टही आली. पुढे तो पूर्वीसारखा लाकडात उभारण्याचे ठरले, तेव्हा अस्सलपणासाठी लिफ्ट नको, अशी भूमिका नगर प्रशासनाने २०१८ मध्ये घेतली. अपंगांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला. हिमेजीत मूळ लाकूड जपायचे आहे; नागोयात तर सारेच नव्याने बांधायचे. मग नव्या वास्तूचे दार काहींना बंद का असावे, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे.

शत्रुंजयावर वृद्ध यात्रेकरू डोलीतून चढतात. त्यामुळे पर्वताचे पावित्र्य उणावत नाही. उलट ज्यांचे पाय थकले, त्यांनाही आदिनाथाचे दर्शन लाभते. वारसा जपणे आणि तेथवरची वाट सर्वांना मोकळी ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांच्या आड येत नाहीत.