क्लासच्या वेळी आलेला फोन

2020 च्या पावसाळ्यात आमच्या पिपरी मेघेच्या घरात इंटरनेट एकच होतं, माझ्या मोबाईलचं. ह्यांचा फोन त्यांच्याबरोबर कामावर जायचा. मुलगी सातवीत. सकाळी दहा ते बारा तिचे ऑनलाइन क्लास. माझा फोन स्टुलावर उभा करून ती समोर वही घेऊन बसायची.

आणि नेमका सव्वादहाला आर्वीहून अब्बांचा फोन यायचा. चाश्तची नमाज झाली की लेकीचा आवाज ऐकायचा, हा त्यांचा नेम अम्मी गेल्यापासूनचा. फोन उचलला की क्लास बंद. नुसता वाजू दिला तरी पडद्यावरच्या मॅडम थिजून जायच्या. परत क्लासमध्ये शिरेपर्यंत गणित पुढे गेलेलं असायचं. मुलगी रडकुंडीला यायची.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाने कारण समजावून सांगितलं. टूजी नेटवर्क मुळात बोलण्यासाठी बांधलेलं. कॉल लागला की त्याच्यासाठी जागा राखून ठेवली जाते, इंटरनेटला उरलेली मिळते. आणि साधे फोन एका वेळी दोन्हीपैकी एकच काम करू शकतात. थ्रीजीत दोन्ही एकत्र चालू लागलं. पुढे फोरजी आलं ते फक्त डेटासाठी. त्यावरून बोलायचं तर व्हीओएलटीई ही वेगळी सोय लागते. 2016 मध्ये जिओ आलं ते ही सोय घेऊनच. माझा फोन त्याच्या आधीच्या वर्षीचा, फोरजी होता पण ही सोय नव्हती. असा फोन कॉल आला की फोरजी सोडून खाली उतरतो. थ्रीजी मिळालं तर इंटरनेट चालू राहतं. आमच्याकडे ते बंद झालेलं, त्यामुळे तो थेट टूजीवर यायचा.

नवा फोन घेण्याचे ते दिवस नव्हते. मी अब्बांना म्हटलं, दहा ते बारा फोन करू नका.

"ठीक है बेटा, मिस कॉल दूंगा. समझना, मैं ठीक हूं."

पण मिस कॉलच्या एका रिंगनेही क्लास तुटायचा. मग मी सेटिंगमध्ये जाऊन त्या दोन तासांसाठी येणारे कॉलच बंद करू लागले. अब्बांना सांगितलं नाही. मुलीला सिलए रहमीच्या गोष्टी सांगणारी मीच ती.

ऑगस्टमध्ये एके दिवशी हे अकरालाच घरी आले. "चल, अब्बा पडलेत." शेजारच्या खाला रोजच्यासारखा डबा द्यायला गेल्या, तर अब्बा न्हाणीघराच्या दारात पडलेले. खालांच्या मुलाने ह्यांना फोन लावला होता. आम्ही आर्वी गाठली. मनगटाचं हाड मोडलं होतं, बाकी अल्लाहची मेहरबानी.

प्लास्टर झाल्यावर मी विचारलं, फोन तर खिशात होता, मग?

"एक बार लगाया था. मशीन बोली. फिर याद आया, बच्ची की क्लास है. बारह बजने का इंतजार कर रहा था."

फरशीवर पडून, मोडलेला हात धरून ते बारा वाजायची वाट पाहत होते.

मुलीची शाळाही काही फालतू नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्या वर्षी जुना फोन असलेल्या किती घरांत मुलांचा अभ्यास असाच तुकड्या-तुकड्यांत झाला असेल. पण ज्या टूजीला मी रोज शिव्या घालायचे, त्याचा नियम साधा होता: माणूस बोलायला आला तर बाकीचं थांबेल. मी तो नियम उलटा केला, आणि माणसालाच थांबवलं.

त्या हिवाळ्यात आम्ही दुसरा फोन घेतला. आता कॉल आणि इंटरनेट दोन्ही एकदम चालतं, हे अब्बांना कितीदा सांगून झालं. तरी ते सव्वादहाला एक रिंग देऊन फोन ठेवतात. हातातलं काम सोडून मी लगेच त्यांना फोन लावते.