व्हीनस कॉर्नरला व्हीनस नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ऑक्टोबर २०२५

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "कोल्हापूर आहे ना गं अजून आपलं तसंच?" याचं उत्तर फोनवर काय द्यायचं? म्हणून कागद घेतलाय. आणि ते "मी येते, मी जाते" जरा बाजूला ठेव. डोंबिवलीत जाऊन सुधारलीस ती सुधारलीस, पण दिवाळीला आलीस की गल्लीत इथल्या बायकांसारखं "आलो गं" असंच म्हणायचं. नाहीतर पोरी तुला पाहुणी समजतील.

नातवंडांना दाखवायच्या ठिकाणांची यादी पाठव म्हणालीस. यादी करायला बसले आणि लक्षात आलं, अर्धी ठिकाणं नावालाच उरलीत. व्हीनस कॉर्नर आहे, व्हीनस टॉकीज नाही. कपिलतीर्थावर तीर्थ नाही, भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. शाहू स्टेडियम उभं आहे ते रावणेश्वराच्या तळ्यावर. कावळा नाक्याचा ताराराणी चौक होऊन किती वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला कावळा नाकाच सांगावं लागतं. बाहेरून आलेली माझी धाकटी सून पहिली दोन वर्षं हैराण होती. पत्ता विचारला की लोक तिला नसलेल्या गोष्टींच्या खुणा सांगायचे. वस्तू गेली तरी नाव सोडायचं नाही, ही आपली जुनी खोड.

ही तळी तू-मी पाहिली नाहीत. पण जोराचा पाऊस झाला की गांधी मैदान भरतं, पाणी उतरेपर्यंत खेळ बंद. पोरं म्हणतात, मैदानात तळं साचलंय. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "तळ्यात मैदान साचलंय ते."

आता माझं म्हणणं ऐक, मग हवं तर भांड. आपल्याला आपल्या हट्टाचा फार अभिमान. शहरातल्या रस्त्यांच्या टोलचं आठवतंय ना? तूही तिकडून फोन करून रोज विचारायचीस. एन. डी. पाटील सर ऐंशीच्या पुढचे, पण मोर्चात पुढं. पानसरे अण्णा होते. पेठापेठांतून, तालमीतालमींतून माणसं उतरली, आमच्या गल्लीतल्या ज्या बायका जिन्यावरून उतरायला कुरकुरतात त्याही चालल्या. शेवटी सरकारला टोल गुंडाळावा लागला. मग हेच गाव तळी बुजवली गेली तेव्हा कुठं होतं? नदीच्या पूररेषेत इमारती चढत गेल्या तेव्हा? तेव्हा कोणी "देणार नाही" म्हटलं नाही. उलट पुढची दुकानगाळ्यांची सोडत कधी, एवढंच विचारलं. नाक्यावर खिशातून पैसे जाताना दिसतात, तळं जाताना दिसत नाही, असं असेल.

२००५ ला पाणी आलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर पुन्हा नाही. २०१९ ला त्याच्याही वर चढलं. व्हीनस कॉर्नरला होड्या आल्या. दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेच. आता पावसाळ्यात कोणी "बरं आहे ना" विचारत नाही, "किती फूट?" विचारतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शुक्रवार पेठेतली आपली वर्गमैत्रीण तर ४० झाले की धान्याचे डबे माळ्यावर चढवते आणि गाद्या गुंडाळून आमच्याकडं येते. येताना न चुकता पिठलं करून आणते. का, ते मी विचारत नाही.

शहर वाढलंय म्हणशील, तर वाढलंयही आणि नाहीही. १९७२ ला महापालिका झाली तेव्हाची हद्द पुढं कितीतरी वर्षं तसूभर हलली नाही. हद्दवाढ म्हटलं की इकडचे मोर्चा काढतात, आणि गावं म्हणतात, आधी तुमचे रस्ते बघा. रस्ते बघितल्यावर मला त्यांचंच पटतं. मधल्या काळात पाचगाव, कळंबा, उचगाव फ्लॅटनी भरून गेलं. माझा थोरला पाचगावात राहतो. छातीवर "जगात भारी कोल्हापुरी" आणि घरपट्टी ग्रामपंचायतीला.

तुझ्या बाबांच्या शाहू मिलचं लिहू का नको, असं झालंय. १९०६ ला शाहू महाराजांनी काढलेली मिल २००३ ला बंद पडली. चिमणी आहे अजून. भोंग्यावर आपली शाळा, तुमच्या बाबांचा डबा आणि माझ्या आईचं भाताचं आधण, सगळं चालायचं. घड्याळ एकट्या तात्यांच्या मनगटावर होतं आणि तेही ते भोंग्यावर लावायचे. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सगळं गाव शंभर सेकंद उभं राहिलं. मी मिरजकर तिकटीला होते. रिक्षावाले रिक्षा बंद करून खाली उतरले. भाजीवाली हातात तागडी धरून तशीच उभी. शंभर सेकंद झाल्याबरोबर पहिला आवाज आला तो, "ए भावा, गाडी काढ की!"

केशवराव भोसले नाट्यगृहाचं मात्र फोनवर बोलवलं नव्हतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. १९१५ चं पॅलेस थिएटर ते. रात्री माणसं रस्त्यावर नुसती उभी होती. ज्यांनी आयुष्यात एक तिकीट काढलं नसेल तेही डोळे पुसत होते. आपण शाळेच्या गॅदरिंगला त्या रंगमंचावर उभ्या राहिलो होतो, तू संवाद विसरलीस आणि मी पुढून ओरडून सांगितला होता, आठवतंय? पुन्हा उभं करायचं काम चालू आहे. शेजारचं खासबाग मैदान पोरांना जरूर दाखव. महाराजांनी रोमचे आखाडे पाहून आल्यावर १९१२ ला बांधलं म्हणतात. भाऊ घरी येऊन कुस्तीचे डाव सांगायचे, आपण भाकरी थापत ऐकायचो. आता पोरी स्वतः लढतात. हा बदल मला मनापासून आवडलाय, लिहून ठेव.

आणि गंगावेशीत दूध पाजायला विसरू नकोस. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी, गवळी समोर धार काढतो, थेट ग्लासात. वर चार बोटं फेस. ग्लास हाताला कोमट लागतो. तुझी नात नाक मुरडेल, तिचं नाक धर आणि पाज. आता म्हशी आणि गवळी दोन्ही कमी झालेत, गर्दीत गाड्यांचेच हॉर्न जास्त. पण पाडव्याला सागरमाळावर ये. शिंगं रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलच्या मागं पळतात. कानठळ्या बसतात, पण त्या आवाजात आपल्या मालकाची गाडी म्हैस ओळखते. डोंबिवलीत सांगितलंस तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या वर्षी आषाढात टेंबलाईच्या यात्रेलाच ये असंही म्हणते. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन निघालेल्या गल्लीपुढं पी-ढबाक अजून वाजतंय, फक्त मागं डॉल्बी असेल तर ऐकू येत नाही. त्यावर पोरांशी माझं दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी मी हरते.

जमलं तर नोव्हेंबरच्या किरणोत्सवापर्यंत राहा. मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतं, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, मग वर वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. वाटेत इमारतींचे वरचे मजले, फलक, वायरी येतात. अडथळे मोजले जातात, काही काढलेही. तरी एखाद्या वर्षी ऊन अर्ध्यातच अडतं. ढग असला तर आपण देवाला बोल लावतो. मजला असला तर मजल्याच्या मालकाला कोण बोलणार, तो आपलाच कोणाचा तरी मामा असतो.

गाडी घेऊन येऊ नका, महाद्वार रोडला लावायला जागा मिळणार नाही. चपला इथंच घेऊ. त्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यापासून चप्पल लाइनीत घासाघीस जरा अवघड झालीय, पण मी आहे. तांबडा मी करते, पांढरा तुझ्या हातचा. हॉटेल बुक केलंस तर याद राख.

तुझी,
मंदा

ता. क. येताना तिकडचे ते कमी तिखटाचे मसाले आणू नकोस. गेल्या वेळचं पाकीट अजून तसंच पडलंय.