बिनमोटारीची वाट

'दुचाकी' हा शब्द सायकलीच्या हातून कधी निसटला, हे नेमके सांगता येणार नाही. दोन चाकांची ती दुचाकी, या साध्या न्यायाने त्यावर पहिला हक्क खरे तर सायकलीचा. आज मात्र वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार जखमी' असे वाचले की डोळ्यांपुढे मोटारसायकलच येते, आणि सायकलीसाठी आपल्याकडे 'सायकल' एवढेच उरते. रस्त्यावरची जागा गेली, तिच्यामागोमाग शब्दातलीही गेली. भाषेच्या प्राध्यापकांनी अशा गोष्टींची नोंद घ्यावी आणि पुढच्या तासाला वळावे, असा एकूण रिवाज आहे. आम्हीही इतकी वर्षे तेच करत आलो. पण अमेरिकेतल्या एका बिनमोटारीच्या वाटेने हा विषय आमच्यापुढे असा काही मांडला, की नोंदीपाशी थांबता येईना.

आम्ही उभयता एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया या विद्यापीठनगरीत पुतण्याकडे जाण्याचा योग आला. तिथून जवळच 'केटी ट्रेल स्टेट पार्क' आहे. राज्याचे उद्यान म्हटले की आपण जंगलाचा एखादा विस्तीर्ण तुकडा कल्पितो. हे उद्यान म्हणजे एक रेघ आहे. सुमारे ३८५ किलोमीटर लांब आणि एखाद्या आगगाडीला पुरेल एवढेच रुंद. 'मिसूरी-कॅन्सस-टेक्सस' या रेल्वेच्या आद्याक्षरांतल्या 'के-टी'चे लोकांच्या तोंडी 'केटी' झाले. १९८६ च्या पुरानंतर या मार्गावरची वाहतूक कायमची थांबली, रूळ उचलले गेले, आणि त्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून वाट तयार झाली. तिचा पहिला टप्पा १९९० साली रोशपोर्ट या चिमुकल्या गावी खुला झाला. आम्ही सायकली भाड्याने घेतल्या त्या याच गावात.

या सायकलींना तिकडे 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, टायर शर्यतीच्या सायकलीपेक्षा रुंद, आणि गिअर इतके की आमच्या पिढीला त्यांची मोजदाद करण्यातच गंमत वाटावी. प्रत्यक्षात त्या गिअरांची गरज फारशी पडली नाही. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिच्या अभियंत्यांनी टेकड्या टाळून नदीचा काठ धरला होता. त्यांच्या त्या दूरदृष्टीचा लाभ शतकभरानंतर चाळिशी ओलांडलेल्या आमच्या गुडघ्यांना झाला. वाट जिथे टेकडीला टाळू शकली नाही, तिथे रोशपोर्टलगत २४३ फुटांचा एक दगडी बोगदा आहे, १८९३ चा. आगगाडीच्या बोगद्यातून सायकलने जाताना आपण कोणाच्या तरी घरात मालक नसताना शिरलो आहोत असे वाटत राहते.

रोशपोर्टहून मॅकबेनपर्यंतचे साधारण चौदा किलोमीटर आम्ही दोन दिवस, जाऊन-येऊन, केले. एका हाताला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या हाताला गढूळ, रुंद मिसूरी नदी, आणि दोन्हींच्या मध्ये झाडांची कमान. पांढऱ्या खोडांचे सिकमोर, कॉटनवूड, ओक. पानगळ सुरू होती. खडीवर टायरचा एक बारीक करकर आवाज असतो. वाळक्या पानांवरून गेले की तो कुरकुर होतो. हा फरक आम्हांला ऐकू आला, याचेच नवल वाटले. मोटारी कुठेच नाहीत असे नव्हे. एके ठिकाणी महामार्गाचा प्रचंड पूल डोक्यावरून जातो आणि त्यावरचा घरघराट खाली पाझरतो. पण तो डोक्यावर होता, पाठीमागे नव्हता.

फरक सगळा त्या 'पाठीमागे'चा आहे. आमच्या गावी आम्ही दोघे रस्त्याने निघालो तर एकामागे एक चालतो. पुढच्याने काही म्हटले तर मागच्याला ऐकू येत नाही, आणि मागच्याचे अर्धे लक्ष हॉर्नकडे. इथे आम्ही सायकली शेजारी-शेजारी ठेवून तासन्‌तास बोलत गेलो. विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमावर बोललो, एका जुन्या कादंबरीवरून कडाक्याने भांडलो, मुलाच्या लग्नाचा विषय काढला आणि सोडून दिला. निवांतपणा म्हणजे शांतता असे आपण समजतो. निदान आमच्यापुरते, निवांतपणा म्हणजे वाक्य पूर्ण करता येणे.

या वाटेवरचे मैलांचे आकडे पाहून आम्ही प्रथम बुचकळ्यात पडलो. वाटेचे पूर्वेकडचे टोक मेशन्स येथे आहे, पण तिथे शून्य नाही. आकडा सत्तावीसच्या आसपास सुरू होतो. कारण हे मैल रेल्वेचे आहेत. वाट आजही स्वतःला आगगाडीच्याच हिशेबाने मोजते. खोडून पुन्हा लिहिलेल्या जुन्या हस्तलिखितात आधीची अक्षरे पुसट दिसावीत, तसा हा प्रकार. आणि त्या अक्षरांखालीही अक्षरे आहेत. १८०४ साली ल्युइस आणि क्लार्क यांची मोहीम याच नदीतून वर गेली, तेव्हा मोनिटो ओढ्याच्या मुखाशी कड्यावर आदिवासींनी रंगवलेली चित्रे त्यांनी पाहिली होती. त्यांतली बहुतेक पुढे रेल्वेच्या बांधकामात नष्ट झाली. ओसेज लोकांनी तर १८०८ च्या तहात या प्रदेशातली आपली बहुतेक भूमी गमावली. मॅकबेनजवळ बर ओक जातीचा एक प्रचंड वृक्ष आहे, सुमारे चारशे वर्षांचा. २०२० साली त्यावर वीज पडली, तरी तो उभा आहे. हे सारे हस्तांतर त्याच्या हयातीत झाले.

तेव्हा या वाटेला निर्मळ निसर्ग म्हणून गौरवण्यात अर्थ नाही. ती भांडून मिळालेली वाट आहे. रेल्वे गेल्यावर पट्टा आपल्याकडे परत यायला हवा, असे लगतच्या जमीनमालकांचे म्हणणे होते, आणि ते उडवून लावण्याजोगे नव्हते. परंतु १९८३ च्या एका केंद्रीय कायद्याने अशी तरतूद केली होती की बंद पडलेला रेल्वेमार्ग पुढेमागे पुन्हा लागेल म्हणून अखंड राखावा, आणि तोवर त्यावरून लोकांना चालू द्यावे. हा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली वैध ठरवला. मिसूरीतल्या जमीनमालकांचा भरपाईचा हक्क २००० साली दुसऱ्या एका न्यायालयाने मान्य केला. एड्वर्ड ऊर्फ टेड जोन्स आणि पॅट जोन्स या दांपत्याने वाट उभी राहावी म्हणून बावीस लाख डॉलर दिले. म्हणजे मालकाला मोबदला मिळाला आणि वाटही राहिली. दोन न्याय्य गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे आम्हांला कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या खडीवर अधिक पटले.

आणि तिथेच आम्हांला आमची एक विद्यार्थिनी आठवली.

काही वर्षांपूर्वी ती आमच्याकडे बी.ए.ला होती. तिचे गाव हमरस्त्याने नऊ किलोमीटर, पाणंदीने सहा. शाळेत असताना सरकारी योजनेतून मिळालेली सायकल ती वापरायची आणि पाणंदीने यायची. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात चप्पल कॅरिअरला. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन्ही बाजूंच्या बांधांनी वर्षागणिक सरकत पाणंद गिळली होती आणि शेवटी एके ठिकाणी तार आडवी आली होती. उरला हमरस्ता. तो नुकताच चौपदरी झालेला, त्यात उसाचा हंगाम सुरू. तिचे वडील आम्हांला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी शिकावी असं मलाबी वाटतंय. पर ह्या रस्त्यानं तिला सायकलवर कशी धाडू?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगी हुशार होती, घरचा विरोध नव्हता, सायकल होती, कॉलेजात जागा होती. नव्हती ती फक्त वाट.

बिनमोटारीची वाट म्हणजे सुखवस्तू लोकांचा छंद, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. मिसूरीत आम्हांला भेटलेले बहुतेक सायकलस्वार हौशीच होते, हे खरे. पण आपल्या पाणंदी हौसेसाठी नव्हत्या. बैलगाडी, गुरे, कामाला निघालेल्या बाया आणि शाळेतली मुले यांचा तो राखीव मार्ग होता. त्यासाठी कायदाही आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला देते, आणि वहिवाटीच्या वाटेतला अडथळा हटवण्याची तरतूद तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमापासून आहे. बांध सरकवणाऱ्यालाही सरसकट खलनायक ठरवता येत नाही. वाटण्या होत होत एकरावर आलेल्या शेतकऱ्याला एका सरीचेही मोल असते. पण त्याच्याशी बोलायला, त्याला काही देऊ करायला आणि तरीही वाट राखायला कोणीतरी असावे लागते. रेल्वे बंद पडताच तिकडे लोकांनी विचारले, आता ही वाट कोणाची? पाणंद बुजताना आपल्याकडे हा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही, कारण ती एका दिवसात बंद पडत नाही. ती वीतभर-वीतभर जाते, आणि शब्द जातात तशीच, नोंद न होता.

परतल्यावर त्या मुलीच्या गावचा नकाशा आम्ही मुद्दाम पाहिला. गाव-नकाशावर गाडीवाट दोन समांतर तुटक रेषांनी दाखवतात. तिची पाणंद तिथे अजून आहे. गावठाणापासून निघून ओढा ओलांडून थेट आमच्या तालुक्याच्या शिवेपर्यंत, एकाही ठिकाणी न तुटता. गावातल्या काही पालकांनी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. त्याची भाषा नीट करून देण्याचे काम आमच्याकडे आले. मराठीच्या पदव्युत्तर पदवीचा इतका थेट उपयोग आम्हांला याआधी क्वचितच झाला असेल. त्या अर्जात 'दुचाकी' हा शब्द आम्ही सायकलीसाठी वापरून पाहिला. मग खोडला, आणि 'सायकल' असेच लिहिले. कचेरीत गैरसमज नको.